जुन्या डिझेल पिकअपचं ॲव्हरेज: पंपाला हात सगळ्यात शेवटी

बारा-तेराचं ॲव्हरेज देणारी पिकअप साडेनऊवर आली की मालक गाडी सरळ पंप-नोझलवाल्याकडे नेतो. इंजिनाला दाबाने डिझेल देणारा पंप उतरतो, ते फवारणारे नोझल बदलतात, पाचआकडी बिल होतं आणि पंधरा दिवसांनी हिशेब केला तर आकडा जिथल्या तिथे. डिझेल जात असतं मागच्या डाव्या चाकाच्या अडकलेल्या ब्रेकात किंवा इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) फाटक्या होजमध्ये. पंपाचा त्यात काही संबंध नसतो. उलट पंप हलवल्यामुळे आता दोष दोन झालेले असतात आणि कुठला कशामुळे, हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून खाली दिलेला क्रम बदलू नका. आधी मोजायचं, मग चाकं, मग इंजिनाची हवा, मग तापमान, मग डिझेल, आणि पंप सगळ्यात शेवटी. स्वस्त कामं आधी आणि महाग नंतर, हा एक फायदा. पण क्रमाचं खरं कारण वेगळं आहे. ब्रेक धरलेल्या गाडीवर इंजिनाची कुठलीही तपासणी खरं उत्तर देत नाही.

हे मार्गदर्शन बीएस-३ आणि बीएस-४ (धुराचे सरकारी निकष) काळातल्या, अडीच ते तीन लिटर इंजिनाच्या डिझेल पिकअपसाठी आहे. बीएस-६ गाड्यांना इथल्या इंजिनाच्या पायऱ्या जशाच्या तशा लावू नका.

आपली गाडी कुठल्या जातीची, ते बॉनेट उघडून आधी बघा. पंपातून चार बारीक लोखंडी नळ्या थेट चार नोझलला जात असतील आणि नोझलवर विजेचा कनेक्टर नसेल, तर साधा मेकॅनिकल पंप. सगळ्या नळ्या एका जाड लोखंडी दांड्यातून निघत असतील आणि प्रत्येक इंजेक्टरवर (म्हणजे विजेवर चालणाऱ्या नोझलवर) कनेक्टर असेल, तर सीआरडीआय, म्हणजे कॉमन रेल. पुढे हा फरक जिवावरचा ठरणार आहे.

तयारी

लागणारं सामान असं: स्वतःचा टायर प्रेशर गेज (पंक्चरवाल्याचा नको), हायड्रॉलिक जॅक, दोन मजबूत घोड्या (जॅक स्टँड), चाकाला लावायला लाकडी ओंडके, टॉर्च, फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), साबणाचं पाणी भरलेली स्प्रेची बाटली, शंभर अंशांच्या वर मोजणारा थर्मामीटर आणि एक वही. तापमान मोजायची इन्फ्रारेड गन मिळाली तर ब्रेकचं काम निम्म्या वेळात होतं. गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. टॅपेटचा गॅप (इंजिनाच्या व्हॉल्व्हची मोकळीक), हवेचं प्रेशर, नोझलचं प्रेशर हे आकडे इंजिनागणिक बदलतात. "सगळ्यांना हाच गॅप चालतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीकडून टॅपेट करून घेऊ नका.

१. आधी मोजा

मीटरचा काटा बघून किंवा "हजाराच्या डिझेलमध्ये किती गेली" यावरून ॲव्हरेज कळत नाही. टाकी फुल ते टाकी फुल हीच पद्धत.

एकाच पेट्रोल पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, गाडी सपाट जागी उभी करून डिझेल भरा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा. गाडी हलवून, फेस बसवून आणखी दोन लिटर कोंबायचे नाहीत. दर वेळी वेगळं कोंबलं जातं आणि हिशेब बिघडतो. असं किमान तीन वेळा, दर खेपेला तीनशे किलोमीटरच्या वर चालवून. वहीत तारीख, किलोमीटर, लिटर, माल किती टन आणि घाट होता की नाही, एवढं लिहा.

समजा नोंदी अशा आल्या: ४१२ किमीला ३४.६ लिटर, ३८८ किमीला ३३.९, ४३१ किमीला ३५.१. सुटं बघितलं तर ११.९, ११.४ आणि १२.३. एकूण १२३१ किमी भागिले १०३.६ लिटर म्हणजे ११.९. गाडी तीच, दोष तोच, तरी एका खेपेत आणि दुसऱ्या खेपेत जवळपास एकाचा फरक. म्हणून एका टाकीवरून "फरक पडला" असं म्हणायचं नाही.

किलोमीटर मीटरही तपासा. हायवेच्या दगडांवर किंवा मोबाइलच्या जीपीएसवर ५० किमी मोजा. गाडीचं मीटर ४८ दाखवत असेल, तर खरं ॲव्हरेज चार टक्क्यांनी जास्त आहे. टायर मोठ्या साइजचे टाकले की हे हमखास होतं. झिजलेल्या टायरांच्या जागी त्याच साइजचे नवे टाकले तरी घेर वाढल्यामुळे मीटर दोन टक्क्यांच्या आसपास कमी पळतं. नव्या टायरांनी ॲव्हरेज पाडलं ही तक्रार पुष्कळदा एवढ्यावरच मिटते.

*तपासा:* डिझेलच्या मापाबद्दल शंका असेल, तर पंपावर पाच लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप असतं, ते मागून घ्या. ग्राहकाला तो हक्क आहे. पाच लिटरला २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे नाही.

२. हवा आणि अलाइनमेंट

टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना, प्रेशर मोजा. आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये आहे. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांचे आकडे वेगळे असतात. माल भरून चाललेल्या गाडीला रिकाम्याचा आकडा ठेवला की टायरच्या बाजू पिचतात, तापतात आणि डिझेल खातात.

*चूक:* तापलेल्या टायरची हवा "जास्त झाली" म्हणून सोडणं. चालून आलेल्या टायरचं प्रेशर वाढतंच. सोडलीत, तर सकाळी टायर कमी हवेवर असेल.

मग टायरच्या नक्षीवरून आडवा हात फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखी धार लागत असेल, तर पुढची चाकं एकमेकांना समांतर नाहीत. टायर रस्त्यावर घासत चालला आहे. अलाइनमेंटच्या आधी टाय रॉड एंड आणि किंगपिन किंवा बॉल जॉइंटमधला ढिलेपणा काढा. ढिल्या गाडीची अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकते.

३. ब्रेक धरतोय का

सगळ्यात जास्त डिझेल इथे जातं आणि सगळ्यात कमी लोक इथे बघतात.

दहा-बारा किलोमीटर चालवा. शेवटचे दोन किलोमीटर ब्रेक जवळजवळ न लावता या आणि गाडी आपोआप थांबू द्या. लगेच चारही चाकांच्या मध्यावर गन धरून तापमान लिहा. गन नसेल, तर हाताची मागची बाजू चाकाजवळ न्या, टेकवू नका. पुढची दोन चाकं एकमेकांशी आणि मागची दोन एकमेकांशी जुळवायची. पुढच्याची मागच्याशी तुलना नको. डाव्या-उजव्यात वीस अंशांचा फरक असेल, तर गरम चाक धरलेलं आहे किंवा त्याचं बेरिंग बसलं आहे.

आता सपाट जागी, बाकीच्या चाकांना ओंडके लावून ते चाक उचला, घोडी लावा, गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक सोडलेला. हाताने चाक फिरवा. पुढचं चाक दोन-तीन फेरे सहज फिरलं पाहिजे. मागच्या चाकाला क्राउन आणि जॉइंटचा थोडा जडपणा असतो, तो धरायचा नाही.

*सावधान:* नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात-पाय घालायचे नाहीत. हँडब्रेक सोडलेला असतो, हे विसरू नका.

चाक जड फिरलं तर कारण असं शोधा. एकाला ब्रेक पेडल दोनदा दाबून सोडायला सांगा आणि चाक घट्ट झालं की त्या चाकाचा ब्लीडिंग निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा बारीक नट) पाव फेरा सैल करा. पिचकारीसारखं ब्रेक ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं, तर प्रेशर मागे अडकून राहतंय. निपल बंद करा, पुन्हा पेडल मारा आणि आता रबरी होजच्या वरचा, लोखंडी नळीकडचा जॉइंट सैल करून बघा. तिथे मोकळं झालं, तर दोष मास्टर सिलिंडरकडे. तिथे मोकळं झालं नाही आणि निपलला होत असेल, तर होज आतून सुजली आहे. बाहेरून ती होज नव्यासारखी दिसते, म्हणूनच कुणी बदलत नाही.

निपल सैल करूनही चाक घट्टच राहिलं, तर अडचण यांत्रिक: कॅलिपरचा पिस्टन गंजला, स्लाइड पिना सुकल्या, मागे लायनर जास्त ताणून ठेवले किंवा हँडब्रेकची केबल आत अडकली. पाणी-चिखलातून चालणाऱ्या गाड्यांत केबल हे पहिलं संशयित. केबल तुटेपर्यंत ती "चालते" असंच सगळे म्हणतात.

चारही चाकं एकदम धरत असतील, तर मास्टर सिलिंडर आणि बूस्टरमधले दोन नट चार-पाच आटे सैल करा. चाकं मोकळी झाली, तर पुशरॉडला मोकळीक राहिलेली नाही. पेडल "वर" येण्यासाठी कुणीतरी रॉड लांब केलेला असतो.

काम झाल्यावर ब्रेक ऑइलमधली हवा काढा, पेडल कडक आलंय याची खात्री करा आणि मगच रस्त्यावर न्या. पुन्हा दहा किलोमीटर, पुन्हा तापमान. जुळलं, की पुढची पायरी.

४. इंजिनाला हवा मिळते का

एअर फिल्टर काढा, आत टॉर्च धरा, बाहेरून बघा. उजेड सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. धूळ झटकायची तर कॉम्प्रेसरची हवा कमी प्रेशरने, आतून बाहेर मारा. बाहेरून मारली तर धूळ कागदाच्या आत रुतते. पेपर फिल्टर धुऊ नका. एखाद्या ठिकाणी टॉर्चचा ठिपका लख्ख दिसला, तर कागदाला भोक आहे. फिल्टर टाकून द्या. फिल्टरची किंमत आणि त्या भोकातून गेलेल्या धुळीने खाल्लेल्या लायनर-पिस्टनची किंमत यांची तुलनाच नाही.

टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन, या दोन रबरी होज हाताने दाबून, वळवून बघा. जॉइंटभोवती तेलाची ओली काळी धार दिसत असेल, तिथून हवा निसटते. चीर बहुधा होजच्या खालच्या अंगाला, क्लिपच्या काठाशी असते आणि गाडी उभी असताना मिटलेली राहते. साबणाचं पाणी मारून, कुणाला तरी रेस द्यायला सांगून बुडबुडे बघा. उभ्या गाडीत टर्बोचं प्रेशर पुरेसं बनत नाही, म्हणून बुडबुडे आले नाहीत तरी संशयाची होज काढून वाकवून बघाच. क्लिपा घट्ट करताना होज कापू नका.

लक्षण ठरलेलं असतं: चढाला काळा धूर, ओढ कमी आणि चालवणारा नकळत जास्त पाय देतो. हाच काळा धूर बघून लोक पंपाकडे जातात.

ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) असलेल्या गाडीत व्हॉल्व्ह काजळीने अर्धवट उघडा अडकला की हाच धूर येतो. काढून कार्बन क्लीनरने साफ करा आणि गॅस्केट नवं टाका. पत्र्याची टिकली लावून बंद करायचा जुगाड करू नका. पीयूसीला अडचण येते आणि सीआरडीआय गाडीत चेक इंजिनचा दिवा लागतो.

५. इंजिन गरम होतंय का

गरम "झालं तर" काय, याची चिंता सगळे करतात. गरम होतच नसेल तर, हे कुणी विचारत नाही. उन्हाळ्यात एकदा पाणी उकळलं की मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकतो आणि "आपल्याकडच्या हवेला लागत नाही" म्हणतो. लागतो. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, तेल जाड राहतं, सिलिंडर झिजतो. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच गरम झाल्यावर बायपासची वाट बंद करतो. तो काढला की थोडं पाणी रेडिएटरला न जाताच फिरत राहतं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते.

तपासणी: सकाळी थंड गाडी सुरू करा, रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावा. पहिली काही मिनिटं ती थंड राहून मग एकदम गरम व्हायला हवी. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेली, तर व्हॉल्व्ह नाही किंवा उघडाच अडकला आहे.

नवा टाकायच्या आधी तोही तपासा. व्हॉल्व्हवर अंश कोरलेले असतात. पातेल्यात पाणी घ्या, व्हॉल्व्ह दोऱ्याने टांगा (बुडाला टेकू देऊ नका), शेजारी थर्मामीटर धरा आणि गॅस चालू करा. कोरलेल्या अंशाच्या जवळपास तोंड उघडायला लागतं आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडतं. बसवताना बारीक हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर हवा अडकते.

*सावधान:* गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडू नका. नुसत्या नळाच्या पाण्यावर चालवू नका, कूलंट घाला.

व्हिस्कस फॅन (गरजेप्रमाणे वेग बदलणारा पंखा) असेल आणि तो सकाळपासून रात्रीपर्यंत विमानासारखा घोंघावत असेल, तर कपलिंग जाम झालं आहे. तो फॅन फिरवायलाही डिझेल लागतं.

६. क्लच आणि तेल

चौथ्या गिअरमध्ये, माल भरून, ताशी चाळीसला एकदम पाय द्या. आवाज वर चढला पण गाडी नाही, तर क्लच घसरतोय. पेडलची मोकळी चाल आधी बघा. ती शून्य असेल, तर प्लेट चांगली असूनही क्लच घसरतो. इंजिन ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच आणि खुणेच्या वर नाही.

७. डिझेलची वाट

टाकीच्या झाकणापासून नोझलच्या रिटर्न नळ्यांपर्यंत कोरड्या फडक्याने पुसा, रात्रभर खाली पुठ्ठा ठेवा. नोझलवरच्या बारीक रिटर्न नळ्या कडक होऊन पाझरतात. थेंब गरम इंजिनावर उडून जातो, म्हणून जमिनीवर डाग दिसत नाही, नुसता वास येतो. फिल्टरच्या खालचा नट सैल करून पाणी काढा.

८. टॅपेट आणि नोझल

इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेटचा गॅप मॅन्युअलप्रमाणे. फिलर गेज किंचित ओढ देऊन सरकला पाहिजे. हायड्रॉलिक टॅपेट असलेल्या इंजिनाला हे काम नाही.

मेकॅनिकल पंपाच्या गाडीत कुठला सिलिंडर कमी काम करतो ते असं कळतं: इंजिन आयडलला, एकेका नोझलच्या नळीचा नट अर्धा फेरा सैल करा, फडकं धरून. आवाज बदलला आणि इंजिन अडखळलं, तर तो सिलिंडर चांगला. काहीच फरक पडला नाही, तर दोष तिथे. नट घट्ट करून पुढचा.

*जिवाची सावधानी:* सीआरडीआय गाडीत हे कधीही करायचं नाही. तिथे प्रेशर हजार बारच्या पुढे जातं. सुईएवढी धार कातडीतून आत घुसते, जखम दिसायला बारीक असते आणि बोट कापायची वेळ येते. सीआरडीआयला स्कॅनर लावा किंवा चार बाटल्यांत इंजेक्टरचं रिटर्न मोजून घ्या. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त आलं, तर तो इंजेक्टर झिजला आहे. स्कॅनर लावलाच आहे, तर सकाळी थंड गाडीत कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेएवढं दाखवतो का, तेही बघा. सेन्सर चुकीचा थंड आकडा देत असेल, तर कॉम्प्युटर विनाकारण जास्त डिझेल सोडतो.

नोझल काढले की बेंचवर स्वतः उभं राहून बघा. फवारा धुक्यासारखा, सगळ्या भोकांतून सारखा. उघडण्याच्या प्रेशरपेक्षा वीस बार कमी ठेवून दहा सेकंद थांबायचं, टोकाला थेंब लटकता कामा नये. बसवताना तांब्याचा वायसर नवा आणि एकच. जुना तळाशी चिकटून राहतो, त्यावर नवा बसतो, नोझल एक-दीड मिलिमीटर वर राहतं आणि फवारा पिस्टनच्या खड्ड्यात न पडता कडेला पडतो. टॉर्चने भोकात बघूनच नोझल खाली उतरवा.

९. आता पंप

वरचं सगळं झालं, तीन टाक्यांचा हिशेब पुन्हा केला आणि तरी आकडा हलला नाही, तरच. पंप काढण्याआधी पंपाच्या फ्लँजवर (बसवायच्या कडेवर) आणि इंजिनावर छिन्नीची एकच सरळ खूण करा, म्हणजे टायमिंग जिथे होतं तिथे परत येतं. टायमिंग मागे पडलं की गाडी सुस्त, पांढरट धूर. पुढे गेलं की खडखडाट. "डिझेल वाढवून देतो" याला नाही म्हणा. सील तोडून स्क्रू फिरवला की ओढ येते, हे खरं. पण चढाला काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, आणि त्या गरमीत पिस्टन आणि टर्बो दोन्ही जातात.

१०. हौदा आणि पाय

रिकाम्या फेरीत उंच जाळी आणि फुगलेली ताडपत्री पॅराशूटसारखी मागे ओढते. ताडपत्री उतरवा किंवा सपाट बांधा. सत्तरच्या पुढे हवेचा विरोध झपाट्याने वाढतो, म्हणून वरच्या गिअरला पन्नास ते साठ.

वाशीच्या मार्केटबाहेर रांगेत इंजिन चालू ठेवलं, तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर जातं. रोज एक तास धरा आणि महिन्याचे पंचवीस दिवस: बारा ते एकोणीस लिटर.

कसारा किंवा खंबाटकी उतरताना न्यूट्रल करून डिझेल वाचत नाही. गिअरमध्ये पाय काढला की चाकं इंजिन फिरवतात आणि पंप डिझेल तोडतो. न्यूट्रलला मात्र इंजिन आयडलचं डिझेल खातच राहतं. वर ब्रेक तापतात आणि भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर उतरते. ज्या गिअरने घाट चढलात, त्याच गिअरने उतरा.